झोपलेली पेशी आणि अडकलेली पेशी: एका एड्यू किटचे परीक्षण

पेशीने आपल्या डीएनएची नक्कल केली की नाही, हे दाखवणारे एक किट आमच्या प्रयोगशाळेत गेली तीन वर्षे वापरात आहे. पेशीचक्रावर काम करणारे त्याला नुसते ‘एड्यू किट’ म्हणतात, आणि अनेक पुरवठादार ते थोड्याफार फरकाने विकतात. आम्ही ते तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या स्नायूंमधील मूलपेशींवर, म्हणजे गरज पडली की विभागून नव्या पेशी पुरवणाऱ्या राखीव पेशींवर, वापरले. या काळात त्याने उत्तम साथ दिली आणि एकदा पुरते तोंडघशीही पाडले. पुरवठादाराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी या जातीच्या कोणत्याही किटला लागू पडतात. मूलपेशींच्या वार्धक्याचा अभ्यास करण्यासाठी जे हे किट घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्यांना यातील निम्म्या अडचणी कधी येणारच नाहीत.

किटचा गाभा साधा आहे. पेशी विभागण्याआधी तिला सगळ्या डीएनएची नक्कल करावी लागते आणि पेशीचक्रातील या टप्प्याला एस म्हणतात. त्याच्या अलीकडे वाढीचा जी-१ टप्पा, पलीकडे तयारीचा जी-२ टप्पा आणि शेवटी प्रत्यक्ष विभाजनाचा एम टप्पा असतो. एड्यू हा रेणू डीएनएतील थायमिडीनशी इतका मिळताजुळता आहे, की तो माध्यमात मिसळला तर नक्कल करणारी पेशी त्याला थायमिडीन समजून आपल्या डीएनएत गुंफून घेते. या रेणूला अल्काइन नावाच्या रासायनिक गटाची एक लहानशी शेंडी असते. नंतर पेशी स्थिर करून, तिच्या पटलातून वाट मोकळी करून, रंग जोडलेले अझाइड, म्हणजे अल्काइनशी जुळणारा दुसरा रासायनिक गट, आत सोडायचे. तांब्याच्या उपस्थितीत अल्काइन आणि अझाइड कायमचे जोडले जातात आणि नक्कल केलेल्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शीखाली उजळते. हीच ती ‘क्लिक’ अभिक्रिया, जिच्या रसायनशास्त्रासाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक कॅरोलिन बर्टोझी, मॉर्टेन मेल्डाल आणि बॅरी शार्पलेस यांना मिळाले. डीएनएची नक्कल मोजण्यासाठी एड्यूचा असा वापर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधी हे काम ब्रोमोडिऑक्सियुरिडीन, म्हणजे बीआरडीयू करत असे, आणि अजूनही अनेक ठिकाणी करते. त्याला शोधण्यासाठी प्रतिपिंड, म्हणजे नेमक्या एकाच रेणूला चिकटणारे प्रथिन, लागते. प्रतिपिंड आकाराने मोठे असल्यामुळे ते डीएनएच्या दुहेरी पिळात शिरू शकत नाही. म्हणून पेशींना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा उष्णतेने असे काही भाजून काढावे लागते, की पीळ उलगडतो खरा, पण त्याबरोबर ज्या प्रथिनांवरून पेशीची ओळख पटवायची ती प्रथिनेही अनेकदा हातची जातात. स्नायूंच्या मूलपेशी ओळखण्याची खूण म्हणजे पॅक्स-७ हे प्रथिन. आम्लातून बाहेर आलेल्या काचपट्टीवर पॅक्स-७ चा फिकट, शंकास्पद रंग पाहत मी अनेक संध्याकाळी घालवल्या आहेत. एड्यूच्या बाबतीत आम्ल लागत नाही, अझाइड इवलेसे असल्याने सहज आत जाते आणि पॅक्स-७ तसेच शाबूत राहते. केवळ या एका कारणासाठीही मी जुन्या पद्धतीकडे परत जाणार नाही.

पण मूलपेशींच्या वार्धक्यात खरा प्रश्न विभागणाऱ्या पेशींचा नसून न विभागणाऱ्या पेशींचा असतो, आणि किटची परीक्षा तिथेच होते. प्रौढ शरीरातील अनेक मूलपेशी बहुतांश काळ चक्राबाहेर, जी-० नावाच्या सुप्तावस्थेत असतात. २००८ मध्ये उंदरांच्या रक्तमूलपेशींवर झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे दिसले, की त्यांतील सर्वांत गाढ झोपलेला गट साधारण १४५ दिवसांतून एकदा, म्हणजे उंदराच्या अख्ख्या आयुष्यात जेमतेम पाच वेळा विभागतो. ही झोप म्हणजे आळस नव्हे. पी-२१ हे चक्राला लगाम घालणारे प्रथिन ज्या उंदरांत नाही, त्यांच्या रक्तमूलपेशी अधिक वेळा चक्रात शिरतात आणि एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात रोपण करत गेले तर लवकर संपून जातात, हे २००० मध्येच दाखवले गेले होते. झोपेचीही किंमत असतेच. सुप्त पेशीला डीएनएचे तुटलेले दुवे जोडण्यासाठी नक्कल केलेल्या दुसऱ्या प्रतीचा आधार घेता येत नाही, त्यामुळे ती टोकाला टोक जोडण्याच्या घाईच्या, चुका होऊ शकणाऱ्या मार्गावर अवलंबून राहते, आणि वयाबरोबर तिच्यात इजा साचत जाते.

जागे होण्याचा दरवाजा जी-१ मध्ये आहे. वाढीचा संदेश आला की सायक्लिन-डी तयार होते, ते सीडीके-४ आणि सीडीके-६ या विकरांना कामाला लावते, ही विकरे आरबी या पहारेकरी प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, आरबी आपली पकड सैल करतो आणि डीएनएच्या नकलेसाठी लागणारी जनुके सुरू होतात. पी-१६ हे प्रथिन नेमके सीडीके-४ आणि सीडीके-६ यांनाच जखडून ठेवते. तरुण मूलपेशींत ते जवळजवळ नसते. वय वाढते तसे अनेक ऊतींमध्ये ते वाढत जाते. २००६ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात तीन स्वतंत्र शोधनिबंधांनी रक्त, मेंदू आणि स्वादुपिंड या तीन ठिकाणी हे दाखवले, आणि पी-१६ काढून टाकलेल्या म्हाताऱ्या उंदरांत या पेशींची क्षमता काही प्रमाणात टिकून राहते असेही दिसले. मात्र हाच लगाम गाठींपासून आपले रक्षण करतो. पी-१६ चे जनुक माणसाच्या अनेक कर्करोगांत हरवलेले किंवा गप्प केलेले सापडते. तेव्हा लगाम काढणे हा काही सरळ उपाय नाही. पेशीचक्रावर काम करणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही, पण किटसोबत येणाऱ्या रंगीत माहितीपत्रकाला ते सांगावेसे वाटते.

त्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, की हे किट ‘मूलपेशींचे वार्धक्य मोजते’. माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप या वाक्याला आहे. किट एवढेच सांगते, की एड्यू माध्यमात असताना ही पेशी एस टप्प्यातून गेली. जी उजळली नाही ती का उजळली नाही, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. म्हाताऱ्या स्नायूत न उजळलेल्या पेशी किमान तीन प्रकारच्या असू शकतात. पहिल्या निखळ झोपलेल्या, वेळ आली की उठणाऱ्या. दुसऱ्या अडकलेल्या: २०१४ च्या एका अभ्यासात २८ ते ३२ महिन्यांच्या अतिवृद्ध उंदरांच्या स्नायूंतील मूलपेशींत पी-१६ चढलेले आढळले, आणि दुखापतीनंतर या पेशी जाग्या होण्याऐवजी कायमच्या विभाजनबंद अवस्थेत गेल्या, पी-१६ दाबल्यावर मात्र त्यांची सुप्तावस्था आणि स्नायू पुन्हा उभारण्याची ताकद परतली. तिसऱ्या प्रकारच्या पेशी तर झोपलेल्याही नसतात आणि अडकलेल्याही नसतात. एका पायाला इजा झाली की दुसऱ्या, धडधाकट पायातील मूलपेशी आकाराने थोड्या वाढतात, त्यांतील एमटॉर हा वाढीचा संदेश वाहणारा मार्ग जागा होतो आणि पुढे गरज पडली तर त्या लवकर विभागतात; त्यांनी अजून डीएनएची नक्कल केलेली नसते, त्या फक्त कान टवकारून बसलेल्या असतात. या तिन्ही प्रकारच्या पेशी एड्यूच्या काचपट्टीवर सारख्याच अंधारात दिसतात.

हिशेब याहूनही फसवा होऊ शकतो. २०१२ मध्ये असे दाखवले गेले, की म्हाताऱ्या स्नायूतील तंतूंमध्ये एफजीएफ-२ हा वाढीचा संदेश वाढतो आणि त्यामुळे काही मूलपेशी दुखापत नसतानाही झोपेतून उठतात. असे वारंवार उठत राहिल्याने त्यांचा साठा आटत जातो. म्हणजे एकाच म्हाताऱ्या स्नायूत काही पेशी नको तेव्हा उठतात आणि काही हवे तेव्हा उठत नाहीत. पहिल्यांमुळे एड्यूची टक्केवारी वर जाते, दुसऱ्यांमुळे खाली येते, आणि दोन्हींची बेरीज तरुण उंदराच्या टक्केवारीच्या अगदी जवळ येऊन बसली तर अहवालात ‘फरक नाही’ असे छापले जाते. वार्धक्यात पेशीचक्राचे नियमन दोन्ही बाजूंनी बिघडते आणि एकच सरासरी आकडा ते लपवतो. हा दोष किटच्या रसायनाचा नाही, हे मान्य. पण ज्या किटच्या खोक्यावर वार्धक्य मोजण्याचा दावा छापलेला आहे, त्याच्या पुस्तिकेत याबद्दल एखादे पान असायला हवे होते. बत्तीस पानी पुस्तिकेत एक ओळही नाही.

वेळेच्या बाबतीतही पुस्तिका बेफिकीर आहे. तिच्यातील नमुना कृती दहा मायक्रोमोलर एड्यू एक ते दोन तास द्यायला सांगते. हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींसारख्या रोज एकदा विभागणाऱ्या पेशींना हे ठीक आहे, कारण कोणत्याही क्षणी त्यांतील बऱ्याच पेशी एस टप्प्यात असतातच. स्नायूतून नुकत्याच वेगळ्या केलेल्या मूलपेशीला पहिल्या विभाजनापर्यंत पोहोचायला साधारण दीड दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नंतरची विभाजने मात्र भराभर होतात. अशा पेशींना दोन तासांचा एड्यू देणे म्हणजे रात्रभर धावणाऱ्या गाडीतून एकदाच खिडकीबाहेर डोकावून प्रवासाचे वर्णन करण्यासारखे आहे. त्यातच म्हाताऱ्या पेशी उशिरा उठतात. चोवीस तासांवर मोजले तर ‘उशिरा उठणारी’ आणि ‘कधीच न उठणारी’ या दोघींमध्ये भेद करता येत नाही. आम्ही शेवटी एड्यू सलग ठेवून निरनिराळ्या तासांवर पेशी स्थिर केल्या, तेव्हा कुठे दोन वक्र हाती आले: तरुण पेशींचा वक्र लवकर चढून सपाट होणारा, म्हाताऱ्यांचा उशिरा चढणारा आणि खालीच थांबणारा. उशीर किती आणि अडकणे किती, हे त्या दोन वक्रांच्या आकारातून वाचता येते. एकाच वेळी घेतलेल्या मोजणीतून येत नाही.

सलग एड्यू देण्यालाही मर्यादा आहे. डीएनएत बसलेले एड्यू पेशीला निरुपद्रवी वाटत नाही. ते दीर्घकाळ राहिले तर डीएनएच्या इजेचा इशारा वाजतो आणि पेशीचक्र थांबू शकते. म्हणजे चक्र थांबले आहे का, हे पाहण्यासाठी जे घातले तेच चक्र थांबवू लागते. म्हणून काही दिवस एड्यू देऊन मग आठवडेच्या आठवडे वाट पाहायची आणि ज्या पेशींत रंग टिकून राहिला त्या संथ विभागणाऱ्या समजायच्या, असा प्रयोग या किटवर करू नये, असे माझे मत आहे. त्या कामासाठी हिस्टोनला, म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला, हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले उंदीर अधिक विश्वासार्ह आहेत. पण त्या उंदरांत शेवटच्या काही तासांसाठी एड्यूही वापरायचे ठरवले तर दुसरी अडचण उभी राहते: अभिक्रियेतील तांबे हिरव्या प्रथिनाची झळाळी मारते. पुरवठादाराकडे तांब्याला आवरून धरणारी वेगळी आवृत्ती आहे आणि ती काम करते, असा आमचा अनुभव आहे; मात्र साध्या आवृत्तीच्या खोक्यावर ही सूचना बारीक अक्षरांत, तीही मागच्या बाजूला आहे.

आता तोंडघशी पडण्याची हकिकत. किटमध्ये तांबे मोरचुदाच्या निळ्या द्रावणातून येते, पण अभिक्रियेला लागते ते तांब्याचे दुसरे रूप. मोरचुदातील तांब्याला त्या रूपात आणण्यासाठी ऍस्कॉर्बेट, म्हणजे आपले क जीवनसत्त्वच, घालावे लागते. ऍस्कॉर्बेट हवेने खराब होते आणि खराब झाले की त्याचे द्रावण पिवळट, मग तपकिरी होते. पहिल्या वर्षी आम्ही सोमवारी तरुण उंदरांच्या पेशी रंगवल्या आणि म्हातारे उंदीर उशिरा मिळाल्यामुळे त्यांच्या पेशी गुरुवारी रंगवल्या. ऍस्कॉर्बेटची कुपी सोमवारी उघडलेलीच होती. निकाल इतका देखणा आला, की मी तो पडद्यावर लावून सगळ्यांना बोलावले: तरुण पेशींची केंद्रके आकाशकंदिलांसारखी उजळलेली आणि म्हाताऱ्या पेशींत सगळा काळोख. वार्धक्यात चक्र थांबते, याहून स्पष्ट चित्र कोणते हवे? आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने फक्त एवढेच विचारले, की गुरुवारी तरुण पेशींची एखादी पट्टी सोबत रंगवली होती का. नव्हती. कुपीतले थोडे द्रावण बाहेर काढून पाहिले, तर ते गढूळ तपकिरी झालेले होते. ताज्या द्रावणाने म्हाताऱ्या पेशींची राखीव पट्टी पुन्हा रंगवली, तेव्हा त्यातील बऱ्याच पेशी उजळल्या. आमचे वार्धक्य त्या कुपीत होते.

चूक आमची होती, हे मी नाकारत नाही. वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या नमुन्यांची तुलना करू नये, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवले जाते. तरीही ऍस्कॉर्बेट एकाच मोठ्या बाटलीत, काचेऐवजी अपारदर्शक प्लास्टिकमध्ये देण्यामागे काय तर्क आहे, हे मला कळलेले नाही. रंग बदलणे हीच या द्रव्याच्या बिघाडाची सगळ्यांत सोपी खूण, आणि नेमकी तीच डोळ्यांआड ठेवलेली. पुरवठादाराला लिहिले, नम्र उत्तर आले आणि बाटली तशीच राहिली.

असाच आणखी एक अपघात अनेकांच्या वाट्याला येतो म्हणून लिहून ठेवतो. फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रासाठी पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून धुण्याच्या बफरमध्ये ईडीटीए घालण्याची रीत आहे. ईडीटीए तांब्याला घट्ट पकडून ठेवते आणि त्याचा थोडा अंशही अभिक्रियेत उतरला तर रंग फिका पडतो. शेवटची धुलाई ईडीटीएविना बफरने करावी. त्याचप्रमाणे अभिक्रियेचे मिश्रण पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच करावे आणि केल्यावर पंधरा मिनिटांच्या आत वापरावे. या दोन गोष्टी पुस्तिकेत व्यवस्थित सांगितल्या आहेत आणि त्या अक्षरशः खऱ्या आहेत.

रंगांची निवड समाधानकारक आहे. हिरवा, नारिंगी आणि गडद लाल असे पर्याय मिळतात. म्हाताऱ्या ऊतींसाठी मी डोळे झाकून गडद लाल घ्यायला सांगेन, कारण वयाबरोबर पेशींमध्ये लिपोफ्युसिन नावाचे स्वतःच चमकणारे कण साचतात आणि त्यांची चमक हिरव्या-पिवळ्या भागात रंगाशी गल्लत करते. गडद लालमध्ये हा त्रास बराच कमी होतो.

किटची उणीव भरून काढण्यासाठी आम्ही त्याला तीन सोबती जोडले. पहिला के-आय-६७: १९८३ मध्ये कील येथे सापडलेल्या प्रतिपिंडामुळे ओळखले गेलेले हे प्रथिन चक्रातील पेशींत असते आणि सुप्त पेशींत नसते, त्यामुळे एड्यू न घेतलेली पण चक्रात शिरलेली पेशी वेगळी काढता येते. दुसरी जोडी होएख्स्ट आणि पायरोनिन यांची. पहिला रंग डीएनए मोजतो, दुसरा आरएनए, आणि दोघांच्या आलेखावर जी-० व जी-१ असे वेगळे ढग दिसतात, कारण झोपलेल्या पेशीत आरएनए तुटपुंजे असते. तिसरा उपाय पी-१६ च्या आरएनएचे मोजमाप. उंदराच्या पी-१६ साठी भरवशाचे प्रतिपिंड मिळणे ही जुनी डोकेदुखी असल्यामुळे आम्ही प्रथिनाच्या मागे लागलो नाही. या तिघांच्या जोडीने एड्यूच्या काळोखातील पेशी वेगळ्या करता येऊ लागल्या. त्यांतील अतिवृद्ध उंदरांच्या पेशींत पी-१६ चढलेला गट दिसला, तेव्हा आधीच्या वर्षीच्या माझ्या त्या देखण्या चित्राची आठवण होऊन थोडे ओशाळायला झाले.

यंदा पुन्हा मागणी नोंदवताना आम्ही तेच किट घेतले, मात्र मोठ्या खोक्याऐवजी छोटी दोन खोकी मागवली. ऍस्कॉर्बेट आल्या दिवशीच पारदर्शक लहान कुप्यांत वाटून उणे वीस अंशांवर ठेवले आहे, प्रत्येक कुपीवर तारीख आहे, आणि फ्रीझरच्या दारावर एक चिठ्ठी डकवली आहे: म्हाताऱ्या पेशींसोबत तरुण पेशींची पट्टी त्याच दिवशी, त्याच कुपीतून.